पर्स-नल मामला!

पर्समध्ये हात न घालता सांगा बरं, आत्ता तुमच्या पर्समध्ये काय काय आहे? मोबाइल, वॉलेट, घराची किल्ली... इथपर्यंत सगळ्यांची गाडी सुसाट जाते. त्यापुढे? मेडिकल स्टोअरचं घडीवर फाटलेलं बिल, जोडीदार हरवलेलं एक कानातलं, तीन सेफ्टी पिना, तळाला गेलेला लिप बाम, टोपण निघालेलं पेन आणि त्या पेनाने आतल्या अस्तरावर काढलेली निळी रांगोळी! 'तुझी पर्स आहे की भंगारवाल्याचं गोडाऊन?' असं ऑफिसातले मित्र विचारतात. आणि तेच पाचव्या मिनिटाला येऊन हळूच म्हणतात, 'ए, तुझ्याकडे क्रोसिन असेल ना?' असते! पर्समध्ये सगळं असतं. हवं तेव्हा सापडत नाही, एवढंच.

तर मैत्रिणींनो (आणि क्रोसिनवाल्या मित्रांनो), आजचा विषय पर्स, पाऊच आणि फॅशन. सगळे याला 'टाइमपास' विषय समजतात. माझं मत जरा वेगळं आहे. बाईच्या हातातली पिशवी ही तिची स्वतःची म्हणावी अशी सगळ्यात छोटी जागा असते. घर बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर, कपाट दोघांचं, मोबाइलचा पासवर्ड पोरांना तोंडपाठ. पण पर्सची चेन? ती तिची ती उघडते. म्हणून पर्स घेताना रंग बघा, ब्रँड बघा, सेल तर बघाच बघा; पण त्याआधी तिच्यात तुमचं स्वतःचं किती मावतं ते बघा. माझा फॅशनचा आख्खा फंडा एवढाच.

हे मत मी फॅशन मॅगझिन वाचून बनवलेलं नाही. ते आलं आमच्या गावाहून. नोकरी मुंबईत असली तरी माझं घर चौलला. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की नागावनंतर दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात, तेच आमचं अष्टागर. महिन्यातून दोनदा तरी मी घरी जाते. भाऊच्या धक्क्यावरून २०२०च्या मार्चमध्ये सुरू झालेली रो-रो, मग मांडवा, अलिबाग आणि तिथून एसटी नाहीतर मिनिडोर. खांद्याला ऑफिसची टोट, पाठीला सॅक, हातात आईसाठी घेतलेल्या सामानाची पिशवी. मला बघितलं की आमची मोठी काकी ओटीवरूनच विचारते, 'एका माणसाला एवढ्या पिशव्या कशाला गो?' तिच्याकडे आपण येऊच. आधी जरा गावाची शेखी मिरवू द्या.

फॅशनचं जुनं बंदर

चौल म्हटलं की वीकेंडवाल्यांना बीच, रिसॉर्ट आणि ताजी मासळी आठवते. पण हे गाव एके काळी भलतंच हॅपनिंग होतं! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नोंदींत 'सेमुल्ला' नावाचं बंदर येतं, ते म्हणजे आमचं चौल. १४६९च्या सुमाराला अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथे उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. या बाबाने काय लिहून ठेवलं माहितेय? लोकांचे कपडे! इथले लोक डोकं झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, सरदार एक वस्त्र खांद्यावर आणि एक कमरेला गुंडाळतात, राजघराण्यातल्या बायकाही तसंच... म्हणजे चौलचा पहिला परदेशी फॅशन रिपोर्टर हाच म्हणायला हरकत नाही.

पुढे पोर्तुगीज आले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सचा पिरार नावाचा प्रवासी या भागात होता. त्याने चौलच्या रेशमाचं तोंडभरून कौतुक केलंय. गोव्यातले शौकीन लोक चौलच्या रेशमाचे कपडे शिवायचे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, इथे तयार होणाऱ्या नक्षीदार पेट्या, डबे आणि छोट्या मंजुषांचीही तो तारीफ करतो. चिनी धाटणीच्या, अगदी निगुतीने केलेल्या. आज ज्याला आपण 'ज्वेलरी बॉक्स' किंवा 'व्हॅनिटी केस' म्हणतो, तसला माल चारशे वर्षांपूर्वी आमच्या गावातून बाहेर जात होता. आणि आता मी तोच माल लिंकिंग रोडवर घासाघीस करून विकत घेते आणि बोटीत घालून चौलला नेते! याला म्हणतात काळाचा महिमा.

रेशीम गेलं, पेट्या गेल्या. सुपारी तेवढी राहिली. आणि सुपारीबरोबर चंची राहिली.

चंची: द ओरिजिनल मेकअप रोल

हल्लीच्या मुलींना चंची माहीत नसेल, म्हणून सांगते. कापडाची लांबट पट्टी, तिला ओळीने शिवलेले कप्पे. एका कप्प्यात विड्याची पानं, एकात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी, एकात लवंग-वेलची नाहीतर तंबाखू. सगळं भरलं की गुंडाळायची, बंद बांधायचा आणि कमरेला खोचायची. आता मेकअपचे ब्रश ठेवायचा 'ब्रश रोल' डोळ्यांसमोर आणा. तोच! तस्साच! फरक एवढाच, की एक मॉलमध्ये स्पॉटलाइटखाली असतो आणि दुसरी आमच्या आजीच्या कमरेला असायची.

आजीच्या चंचीत एक जादा कप्पा होता, सगळ्यात आतला. गुंडाळी पूर्ण उलगडल्याशिवाय दिसायचा नाही. त्यात नोटा. वाडीत पडलेले नारळ आणि सुपारी वेचून, सोलून विकल्याचे तिचे स्वतःचे पैसे. आम्हा नातवंडांना जत्रेचे पैसे तिथून मिळायचे. आजोबांनाही कधी कधी तिथूनच उसने मिळायचे, आणि ते परत मागायची तिची पद्धत एकदम प्रोफेशनल होती!

साडीला खिसा नसतो, हे आपल्या बायकांनी कधी रडगाणं करून सांगितलं नाही. त्यांनी जागा शोधल्या. कनवटीला पैसे, पदराच्या टोकाला गाठ, ओच्यात भाजी, कमरेला चंची नाहीतर बटवा. 'आजीबाईचा बटवा' म्हणजे घरगुती औषधं, हा अर्थ आपल्या भाषेत असाच मुरला. पिशवी आजीची, आणि अख्ख्या घराची तब्येत तिच्या हातात.

तिकडे युरोपातही गोष्ट फार वेगळी नव्हती. अठराव्या शतकात तिथल्या बायका घेरदार झग्याखाली कमरेला बांधायचे कापडी खिसे वापरायच्या. शतकाच्या शेवटी अंगाबरोबर बसणाऱ्या, तलम झग्यांची फॅशन आली. खिसे बाहेरून दिसायला लागले, म्हणून गेले. आणि हातात आली 'रेटिक्युल' नावाची चिमुकली पिशवी. खिसा आतून बाहेर आला, आणि हँडबॅगचा धंदा सुरू झाला. पुढे १९५५च्या फेब्रुवारीत कोको शनेलने आपल्या '२.५५' बॅगेला खांद्यावर अडकवायची साखळी लावली, कारण पर्स हातात धरून धरून ती वैतागली होती. दोन्ही हात मोकळे! माझ्या मते पर्सच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी फॅशन. चर्चगेटची फास्ट लोकल पकडताना एका हातात क्लच धरून बघा, म्हणजे पटेल.

म्हणून सध्याच्या ट्रेंडपैकी मला मनापासून आवडलेला ट्रेंड कुठला, तर खिशांचा. कुर्तीला खिसा, वनपीसला खिसा, आता तर साडीच्या परकरालाही चेनवाला खिसा! दुकानात मुली आरशासमोर उभ्या राहून दोन्ही हात खिशात घालतात आणि चेहऱ्यावर जे काही समाधान येतं ना... ते कुठल्याही डिझायनर लेबलने येत नाही.

पाऊच पुराण

आता कॉस्मेटिक पाऊच. इथे माझी मतं जरा कडक आहेत, आधीच सांगते.

आपल्याकडे पाऊचची खरी पूर्वज म्हणजे फणेरपेटी. लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली छोटे छोटे कप्पे. फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ. आधी कपाळाला मेण, त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलायची बिशाद नाही. आजच्या भाषेत 'प्रायमर' आणि 'लाँग स्टे'! मुलगी लग्न होऊन सासरी जाताना बऱ्याच घरांत ही पेटी तिच्याबरोबर जायची. मग १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केलं. देशी बायकांच्या रंगाला शोभेल असं, परवडेल असं काहीतरी इथेच तयार व्हावं, हा विचार त्यामागे होता. पावडर आणि लिपस्टिक पर्समध्ये आली, फणेरपेटी माळ्यावर गेली.

पाऊच म्हणजे मेकअपचं कपाट नव्हे. ऑफिसच्या बॅगेत सहा वस्तू पुरतात: काजळ, एक लिपस्टिक, कंगवा, सनस्क्रीन, टिकल्या आणि सॅनिटरी नॅपकिन. यातली शेवटची वस्तू काळ्या पिशवीत आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे दिवस आता पुरे झाले. तिचा मस्तपैकी रंगीत पाऊच शिवा.

पाऊचच्या आतली एक्स्पायरी बघता का कधी? डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटंसं चित्र असतं आणि त्यात '६एम', '१२एम' असं काहीतरी लिहिलेलं. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. डोळ्यांच्या वस्तूंचं आयुष्य सगळ्यात कमी. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यायचा, वाळला असो वा नसो. आणि काजळ मैत्रिणीला द्यायचं नाही. जीव द्या, काजळ देऊ नका! डोळे येतात तेव्हा ते मैत्री बघून येत नाहीत.

आता समुद्राकाठच्या माणसाचा सल्ला. पाऊच आतून पुसता येईल असा घ्या. आमच्याकडे हवेतच एवढी ओल की पावसाळ्यात लेदरच्या पर्सला आठवड्यात पांढरी बुरशी धरते. पर्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत गुदमरते. आत कोरड्या वर्तमानपत्राचे बोळे आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून वारा दाखवा. ऊन नको, सावलीतला वारा. आणि 'व्हेगन लेदर' म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड असतं. दमट हवेत तो थर दोन-तीन वर्षांत सोलवटायला लागतो. माझ्या एका पर्सने तर ऐन क्लायंट मीटिंगमध्ये कात टाकली! काळ्या पापुद्र्यांचा सडा टेबलावर, आणि मी आपली शांतपणे प्रेझेंटेशन देतेय...

मोठ्या काकीची पिशवी

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता काकी.

२०१९ साली आमचे काका गेले. त्यानंतर घरात जे होतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं आणि तिची फणेरपेटी माळ्यावर गेली. कोणी ठेवली, असं विचारलं तर घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघेल. काकी तेव्हा पन्नाशीत होती. बचत गटाची वही तिच्याकडे, वाडीतल्या सुपारीचा हिशेब तिच्या तोंडावर. पण आरशासमोर बसून केस विंचरणं तिने सोडलं. मोरीतल्या तुकडाभर आरशात बघून आंबाडा घालायची आणि कामाला लागायची.

वर्षभरात लॉकडाऊन आला आणि मी लॅपटॉप घेऊन चौललाच मुक्काम ठोकला. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. दुपारी वारा असा काही सुटला की घराची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. वाडीतल्या पोफळी एकामागोमाग एक मोडत होत्या, त्यांचा आवाज अजून कानात आहे. शेजारच्या स्लॅबच्या घरात जायचं ठरलं. त्या पाच मिनिटांत कोणी काय उचललं? मी लॅपटॉप आणि चार्जर. आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. बाबांनी टॉर्च. काकीने दारामागच्या खुंटीवरची एक कापडी पिशवी. आदल्या दिवशी वादळाची सूचना आली, तेव्हाच तिने ती भरून ठेवली होती.

रात्री शेजाऱ्यांकडे मेणबत्तीच्या उजेडात तिने ती उघडली. सातबाऱ्याचा उतारा, पासबुक, आधार कार्ड, रेशन कार्ड, बचत गटाची वही, बीपीच्या गोळ्या, चष्मा, काकांचा फोटो. सगळं दुधाच्या पिशव्यांत घालून, रबर लावून. आणि अगदी खाली, कंगवा आणि पावडरचा डबा.

'काकी, वादळात पावडर?' मी विचारलं.

'उद्या चार माणसं येतील बघायला. तोंड नको नीट दिसायला?' ती म्हणाली.

माणसं आली. काही दिवसांनी पंचनाम्यालाही आली. किती पोफळी, किती माड, किती कौलं, सगळं लिहून घेत होते. कागद मागितले तेव्हा बाबांनी सवयीने हात पुढे केला. 'वहिनी, द्या इकडे.'

'भावजी, मी दाखवते ना,' काकी म्हणाली आणि पिशवीचा बंद तिने स्वतः सोडला.

काकांच्या पश्चात वारसनोंदीसाठी तिने तीन-चार खेपा मारल्या होत्या, एकटीने, एसटीने. उताऱ्यावर तिचं नाव होतं. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायची 'लक्ष्मीमुक्ती' योजना आपल्या राज्यात १९९२पासून आहे. आपल्या घरात ती कोणी वापरली का, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या घरी विचारावा. शॉपिंगला जायच्या आधी विचारलात तर उत्तम.

कौलं उडाली म्हणून माळ्यावरचं सगळं सामान भिजलं. फणेरपेटीही भिजली. आठ दिवस ती ओटीवर वाळत पडली होती. लाकूड फुगलं, एक बिजागरी गेली, आरसा मात्र शाबूत. वाळल्यावर ती परत माळ्यावर नेऊन ठेवा, असं कोणी म्हणालं नाही. काकीने ती आपल्या खोलीत नेली.

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही तशी पावलं उचलायला सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. ही बातमी आमच्याकडे बचत गटात वाचली गेली. काकी काही बोलली नाही. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीला आमच्या डोंगरावरच्या दत्ताची जत्रा भरते, पाच दिवस. पाळणे, भांडी, मिठाई, खेळणी, बांगड्या, सगळी धमाल. मी आणि काकी पायऱ्या उतरून खाली आलो आणि ती एका टिकल्यांच्या दुकानासमोर थांबली. बराच वेळ पाकिटं उलटीपालटी करत होती. मग तिने मरून रंगाच्या बारीक टिकल्यांचं एक पाकीट घेतलं, पैसे स्वतः दिले आणि मला म्हणाली, 'चल, पोपटीला शेंगा घ्यायच्यात.'

त्या वर्षी मी तिला खणाचा एक पाऊच दिला होता, दोन चेनचा. त्याचं काय केलं, ते तिने नंतर दाखवलं. एका कप्प्यात पासबुक, दुसऱ्यात टिकल्या.

२०२४मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिन्याचे दीड हजार रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले, तेव्हा बँकेत रांगा लागल्या. राजकारण तुमचं तुम्ही बघा. मी आपली त्या रांगेतल्या पिशव्या बघत होते. प्लास्टिकच्या, रेग्झिनच्या, साडीच्या दुकानाच्या, लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या जरीच्या. एकीचीही पिशवी दुसरीसारखी नाही, आणि प्रत्येकीत एक पासबुक. इतका सुंदर अॅक्सेसरी शो मी मुंबईतही पाहिलेला नाही.

इन काय, आऊट काय?

या सगळ्यानंतर ट्रेंड्सबद्दल माझी मतं कशी असतील, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. तरी सांगते.

मायक्रो बॅग: २०१८मध्ये जॅकमसच्या 'ल शिकितो'ने ही लाट आणली. लिपस्टिक आणि एक चॉकलेट, खेळ खल्लास! २०२३मध्ये तर एका अमेरिकन ग्रुपने मिठाच्या कणाहून लहान बॅग बनवली, जी मायक्रोस्कोपखाली बघावी लागायची. ती त्रेसष्ट हजार डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. आमच्या रायगडात मिठागरं आहेत. एवढ्या भावाने कण विकायचे म्हटले तर अख्खा जिल्हा श्रीमंत होईल. माझं मत: लग्नाच्या रिसेप्शनला ठीक, रोजच्याला आऊट. जिच्यात काहीच मावत नाही ती बॅग मिरवणारीचं सामान उचलायला नेहमी दुसरं कोणीतरी असतं.

बर्किन: विमानात जेन बर्किन या अभिनेत्रीने एर्मेसच्या प्रमुखांजवळ तक्रार केली, की आईच्या सामानाला पुरेल अशी बॅग मिळतच नाही. त्यातून १९८४ साली ही बॅग जन्मली. तिची स्वतःची पहिली बर्किन २०२५च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंच्या आसपास गेली. त्या बॅगेवर ओरखडे होते, स्टिकर चिकटवल्याच्या खुणा होत्या. म्हणजे बाईने ती मनसोक्त वापरली होती. ती वापरणं इन. कपाटात काचेमागे ठेवणं आऊट.

फर्स्ट कॉपी: कुठल्या गल्लीत काय भावाला मिळते, ते मलाही माहितेय. पण दुसऱ्याचं नाव खांद्यावर कशाला मिरवायचं? त्याच पैशात धारावीत अस्सल चामड्याची, बिननावाची, दणकट बॅग मिळते. शिवण बघून घ्या, चेन दहा वेळा उघडझाप करून बघा, अस्तर ओढून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागला.

बॅग चार्म: पर्सला लटकणारी बाहुली, भूत, घुंगरू, लबूबू. २०२४-२५मध्ये याचं वेडच आलं. करा की मज्जा! फक्त लोकलच्या दारात ते दुसरीच्या केसांत अडकणार नाही एवढं बघा.

खण आणि पैठणीच्या बॅगा: एकदम इन, आणि मला अभिमान वाटतो. पण हा खण मुळात येतो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या विणकरांकडून, हे लक्षात असू द्या. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा गलका केला. पुढे कंपनीला ती प्रेरणा मान्य करावी लागली. मग आपणही खणाची पर्स मिरवताना विणणाऱ्याचं गाव आणि शिवणाऱ्या बाईचं नाव विचारायला काय हरकत आहे? बचत गटाच्या स्टॉलवर ते विचारलं की ती बाई खूश होते आणि बंदही जरा पक्का शिवून देते.

कापडी टोट: २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि जी पिशवी घेऊन बाबांना बाजारात पाठवताना आपल्याला लाज वाटायची, तीच 'टोट' होऊन कॉलेजात आली. काकीची वादळातली पिशवी हीच. कायम इन!

तर आता येत्या रविवारी एक काम करा. पर्स पलंगावर उलटी करा. बिलं, पापुद्रे, वाळलेलं मस्कारा, सगळं फेकून द्या. मग जे उरलं त्यात तुमच्या स्वतःच्या नावाचं काय काय आहे ते बघा. स्वतःचं पासबुक किंवा कार्ड आहे का? घराच्या कागदावर तुमचं नाव असेल तर त्याची एक झेरॉक्स आहे का? नॉमिनीचे कागद कुठे असतात ते माहितेय का? नसेल माहीत तर सोमवारपासून मागे लागा. मिळेल ते सगळं एका चेनच्या पाऊचमध्ये घाला आणि तो हाताशी येईल अशा जागी ठेवा. लिपस्टिक शेजारी राहू द्या, दोघींचं छान जमतं.

आणि एवढं सगळं भरल्यावर चेन लागेनाशी झाली, तर खुशाल नवी, मोठी बॅग घ्या. सेल चालूच आहे!